राखणदाराचा पेला

मी झोपलो होतो. एक माणूस नदीत बुडत असताना मी त्याच नदीच्या काठावर दारू पिऊन झोपलो होतो. एवढं वाक्य मी कितीतरी काळ कुणाला सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही. आणि खरं सांगू? मला खातो तो गुन्हा त्याच्या पुढचा आहे. तिथवर यायची अजून भीती वाटते, म्हणून जरा हळू येतो.

मी आचऱ्याचा. मालवणात आलेल्या पर्यटकांना गाडीतून फिरवतो — पाच-सहा माणसं, सकाळी न्यायची, संध्याकाळी परत आणायची. लोक वाइन चाखायला द्राक्षांच्या मळ्यांत जातात असं ऐकलं होतं. आमच्याकडे द्राक्षं कुठली? पण काजू आहे. म्हणून उन्हाळ्यात बांद्यावरून पुढे, तिळारी नदीच्या खोऱ्यात, दाजींच्या काजूबागेत मी माणसं नेऊ लागलो. दाजी सत्तरीचे. घरची जांभळाची वाइन आणि हद्दीपलीकडे गोव्यात मेव्हण्याच्या भट्टीवर काजूच्या बोंडांपासून गाळलेली हुर्राक — ते पाहुण्यांना छोट्या पेल्यांतून देत. दाजींच्या पत्नी, काकी, भाकरी आणि फणसाची भाजी वाढत.

पण पहिला पेला बाहेर जाई. बागेच्या कडेला ऐनाच्या झाडाखाली एक दगड आहे, तो तिथला राखणदार, जागेची राखण करणारा देव. त्याचा मान दिल्याशिवाय बागेत कुणी घोट घेत नाही. दाजी दगडापुढे पेला ओतत आणि पाहुण्यांना हसवत, "पयलो पेलो त्येचो, दुसरो पावण्यांचो, आणि डायवराक ताक."

मला ताक, कारण माझं काम जेवणानंतर सुरू व्हायचं. बागेखाली नदीत कोंड, म्हणजे खोल डोह आहे. धरणाचं पाणी सोडलं, की वरून शांत दिसणारं ते पाणी आतून ओढतं. पाहुणे काठावर पाय सोडून बसत, आणि त्यांना आत उतरू न देणं — एवढंच माझं काम.

त्या दिवशी पुण्याचा गट होता. त्यातले एक गृहस्थ म्हणाले, एका पेल्याने काय होतंय? नाही, त्यांच्यावर ढकलत नाही. मला हवीच होती. एक घेतला. दाजी आत गेले तेव्हा आणखी दोन. मग सगळ्यांच्या आधी कोंडीवर गेलो, करंजाच्या सावलीत जरा टेकलो —

किंकाळीने जागा झालो. पलीकडे गुरं चारणाऱ्या दोघांनी त्याच गृहस्थांना ओढून काठावर घेतलं होतं. ओठ निळे पडलेले. पुढे ते वाचले, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं? वाडीतली माणसं धावत आली. काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू खंय होतस रे?"

मला काय दिसलं त्या क्षणी? पोलीस. गाडीचं परमिट. माझ्या तोंडाचा वास. मी दाजींकडे वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "दाजी, आज राखणदाराक दिल्यात मां?"

नुसता प्रश्न. खोटं काही बोललोच नाही — कितीदा मी स्वतःला हे समजावलं असेल? पण सकाळी दाजींनी पेला ओतला तेव्हा मी शेजारी उभा होतो. ताकाच्या विनोदावर हसलोही होतो.

दाजींचा चेहरा उतरला. रोज हातून होणारी गोष्ट कुणाला नेमकी आठवते? "दिलंय आसतलंय," ते म्हणाले. मग अगदी हळू, "माका आठवणा नाय."

राखणदाराचा पेला चुकला म्हणून हे घडलं, असं म्हणत वाडीने मान हलवली. पाहुणे त्या गृहस्थांना घेऊन इस्पितळात धावले. मी कुठे होतो, हे मला पुन्हा कुणी विचारलं नाही.

दाजींनी कोंबडा दिला. देवळात कौल लावला. पाहुणे घेणं बंद केलं. मुंबईहून नातू आला तर त्याला बागेत पाऊल ठेवू देईनात. काकींना साधा ताप आला तरी ऐनाखाली जाऊन बसत. मुलगा मुंबईला बोलावत होता, तर म्हणाले, "राखणदार रागावलो आसताना तेका सोडून खंय जाव?" हे मी बांद्याच्या बाजारात ऐकायचो आणि मासळी न घेताच परत फिरायचो.

आणि मी? मीही त्याच मातीतला. राखणदाराला मानतो. त्याच्या नावावर मी खोटं घातलं — तो मला सोडेल? मुलीला घरी यायला उशीर झाला की मी रस्त्यावर जाऊन उभा राहतो. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. दाजी असेच, हे ओझं घेऊन गेले तर?

यंदाची वाडीची राखण आली. सगळी वाडी वर्षातून एकदा त्या दगडापुढे कोंबडा-भाताचा मान देते. मी गेलो. देवापुढचं गाऱ्हाणं पूर्वी दाजी घालत. आता दुसरेच कुणी घालत होते, आणि दाजी मागे, चपला सोडल्या होत्या तिथे उभे. गाऱ्हाण्यात शब्द आले, "बा म्हाराजा, ह्या दाजीकडसून काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." दाजी हात जोडून, सगळ्यांत मोठ्याने.

मी माणसांतून वाट काढत मागे गेलो. खालीच बसलो, दाजींच्या पायांशी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"दाजींनी त्या दिसा पेलो दिलेल्यानी. मी बगलेलंय. मी दारू पिऊन झोपलेलंय, म्हणान तो माणूस पाण्यात गेलो. माजा लपवक मी तुमच्यार घातलंय. दाजी, तुमच्याकडसून कायच चुकला नाय. मी चुकलंय."