पायातली सळई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — कारण तुम्ही काही आमच्या वडवणीचे नाही.

भीमजयंतीच्या पताका बांधताना मी शिडीवरून पडलो आणि नडगीचं हाड मोडलं. बीडच्या डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. हाडाचं दुखणं सोसवतं हो — पण ऐन उन्हाळ्यात प्लास्टरच्या आत सुटलेली खाज? आधी फूटपट्टी घालून पाहिली, मग झाडूची काडी. शेवटी आईच्या पानाच्या चंचीतलं, टोकाला इवलासा चमचा असलेलं चांदीचं कानकोरणं हळूच उचललं. आहाहा, काय ते सुख! आणि त्या सुखातच ते हातातून निसटलं — थेट आत.

तेव्हाच बोललो असतो तर? घर पोट धरून हसलं असतं, एवढंच. पण मी पडलो आईचा गुणी मुलगा. तिची चंची उचकली हे कुठल्या तोंडाने सांगू?

आईने घर पालथं घातलं. मग म्हणाली, "गेलं आसंल उमापूरला." उमापूर म्हणजे वहिनीचं माहेर. वहिनी नवीनच लग्न होऊन आलेली, माझं हाड लवकर जुळावं म्हणून रोज बोकडाच्या पायाचं सूप करायची. त्या दिवशीही डोळे पुसत केलं. लाज वाटली — पण मी प्यालो.

प्लास्टर कापण्याआधी डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड झकास जुळलेलं, आणि त्याच्या शेजारी कानकोरणं! डॉक्टर खुर्चीवरून पडायचेच बाकी होते. प्लास्टर कापल्यावर मी ते गुपचूप खिशात घातलं.

घरी आईने एक्स-रे उजेडात धरला. "हे पांढरं काय हाय रे?"

"सळई हाय, आई. हाडाला आधार."

आईने सळईला हात जोडले. तेव्हापासून येईल त्या पाहुण्याला ती तो एक्स-रे दाखवते.

वहिनीनेही तो खिडकीशी धरला. बराच वेळ. "भावजी, सळईच्या टोकाला चमचा बी आसतो का?" आई शेजारीच बसली होती. वहिनी माझ्याकडे बघत उभी राहिली — मी तोंड उघडावं म्हणून.

मी सूप मागितलं.

कानकोरणं माझ्या कपाटात आहे. वहिनी खोलीत आली की आई अजून कमरेची किल्ली चाचपते. चोर मी आहे. वहिनीने हे आजवर कुणाला सांगितलं नाही — आणि मीही.