रुसायला जागा

ऑफिसात आणि घरातही तिला सगळे फूटपट्टी म्हणत. ऑफिसात ती घरांचे नकाशे काढायची. अर्धं आयुष्य लोकांच्या हौशी कागदावर उतरवण्यात गेलं: कमानी, घुमट, गच्चीवर सिमेंटचं विमान. घरी आली की मात्र आपल्या एकटीच्या खोलीत सतरंजीवर निवांत टेकायची. खोलीत सामान इतकं कमी की एकदा चोर शिरला आणि आपल्याआधीच कोणी हात मारून गेलं म्हणून हळहळत परत गेला, असं तिचा धाकटा भाऊ सांगे.

त्याच भावाने गावाबाहेर उतारावर जमीन घेतली. "ताई, घर तूच काढ," म्हणाला. फूटपट्टीला आभाळ ठेंगणं झालं. तिने उताराला पाठ टेकून पहुडलेलं एक बुटकं, लांबट घर काढलं. दगड तिथलाच, छपरावर गवत, आत एकच मोकळी जागा आणि टेकडीकडे बघणारी रुंद खिडकी.

"लांबून घर दिसणारसुद्धा नाही!" ती अभिमानाने म्हणाली.

"मग बांधायचं कशाला?" भावाने विचारलं.

भावजय तर मोकळ्या तोंडाची. "ठेकेदाराने दुसरा नकाशा दिलाय, ताई. दोन मजले, फाटकावर सिंह. तुमच्या घरात आमची मांजरसुद्धा मावायची नाही."

आयुष्यातलं पहिलं स्वतःच्या डोक्यातलं घर हातचं निसटताना बघून फूटपट्टीने शेवटचा डाव टाकला. "एक दिवस माझ्या घरात राहून बघा. नाही पटलं, तर सिंहांची आयाळसुद्धा मीच रेखाटून देईन."

रविवारी तिने उतारावर पांढऱ्या फक्कीने खऱ्या मापाचं घर आखलं. नियम एकच, जा-ये दारातूनच. आई खुर्ची घेऊन खिडकीत बसली. भावजयीने विसावायला पाठ टेकली ती थेट गवतात उताणी.

"भिंत आहे म्हणालात ना!"

"ओली आहे अजून," भाऊ म्हणाला.

शेजारची शेळी भिंतीतून स्वयंपाकघरात घुसली. "अगं, दारातून ये की!" आई कळवळून ओरडली. शेळीने चूल येणार होती तिथलं गवत फस्त केलं आणि खिडकीतून निघून गेली.

दुपारी सोफा कुठे ठेवायचा यावरून नवरा-बायकोचं वाजलं. भावजयीच्या माहेरच्या सोफ्याला भाऊ 'हत्ती' म्हणाला. ती ताडकन उठली आणि उभीच राहिली. इकडे सासू, तिकडे नणंद, मधे नवरा. जायचं कुठे? तरी बिचारीने नियम पाळला. दारापाशी गेली, हवेतलं दार उघडलं, बाहेर पडून ते आपटलं. आवाजही तिनेच काढला, "धाड!" मग पलीकडच्या खडकाआड जाऊन बसली.

"ताई, तुमच्या घरात रुसायला जागाच नाही!" खडक बोलला.

फूटपट्टी चाट पडली. एकटीने राहणारी बाई रुसणार कोणावर? उजेड मोजला, वारा मोजला, रुसवा मोजायचा राहूनच गेला.

"झालं. आणा आता सिंह," भाऊ पुटपुटला.

तिने फक्कीची पिशवी उचलली, खडकापाशी गेली आणि भावजयीच्या भोवतीने एक छोटा चौकोन ओढला. त्याचं एक टोक घराला नेऊन जोडलं. "खडक असाच आत राहील. दार जाड, आपटायला."

"कडी?"

"आतून."

"आणि माझा सोफा?"

फूटपट्टीने चौकोन पुसून हातभर मोठा आखला. "बसून रुसावं लागतं. राहू दे."

भावजयीने पाय पसरले. "ठेकेदाराला कळवा, सिंह नकोत."

घर झालं. लांबून खरंच दिसत नाही. पाहुणे छपरावर उभे राहून फोन करतात, "आलो आम्ही, पण घर कुठे आहे?"

फूटपट्टी पहिल्यांदा मुक्कामाला आली, तर रुंद खिडकीला गुलाबी पडदे. झालरीचे. वर पोपट छापलेले. ती तरातरा टोकाच्या खोलीत गेली आणि दार धाडकन आपटलं. आवाज अगदी हवा तसा झाला. मग हत्तीवर बसली. बसायला वाईट नव्हता मेला.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. "ताई, आटपा हं लवकर," भावजय बाहेरून म्हणाली, "तुमच्यामागे आईंचा नंबर आहे."