रुमालाखालचा कौल
ओल्या शेणाचा वास आला की निजामाच्या अमदानीतला भोकरदनचा बैलबाजार आठवतो; मी तिथं बैल विकायचो. तिथं वाद पेटला होता, सगळ्यात मोठा तुणतुणेवाला कोण, मंठ्याचा गोंधळी की माझा थोरला भाऊ? मंठ्याच्याच दलालानं बैलाच्या सौद्यासारखा हातावर रुमाल टाकला. गोंधळ्याला एक बोट, भावाला दोन. एकेकानं रुमालाखाली हात घालून त्याची बोटं दाबली. मी दोन दाबली. “दोन कुणीच न्हाई दिली, सख्ख्या भावानंबी न्हाई,” दलाल म्हणाला आणि लोक हसले. मी त्याचं मानगूट धरलं, “खोटं बोलून राह्यला तू.” भाऊ माझा हात सोडवत मलाच शांतपणे म्हणाला, “राहू दे. गिऱ्हाइकाला फसवतो तसं मला नको फसवू.” तो बाजारातून गेला तो घरी आलाच नाही. रुमालाखालच्या सौद्याला साक्षीदार नसतो. तो जिथं मेला असेल तिथं मला बेइमान समजूनच मेला असेल.