कडेवरचं नाव

सकाळी कंपनीच्या बसची वाट बघताना तो खिशातून चांदीचा बिल्ला काढायचा आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. एक फेरी पुरी झाली की म्हणायचा, "शाबूत आहे." मग बिल्ला रुमालात, रुमाल खिशात. इथे आखातात, अब्बासियातल्या आमच्या खोलीत सहा जण. सहाही जणांना हे पाठ झालं होतं.

राई भागातल्या वर्कशॉपात तो लेथवरचा टर्नर, मी पॉलिशवाला. दोघे रत्नागिरीकडचे. बिल्ला त्याच्या पणजोबांचा. त्याची आजी सांगायची, व्हिक्टोरिया राणीच्या आरमारात पणजोबा कोळसा ओढायला लागले, मग बोटीच्या भट्टीवर आगवाले झाले, शेवटी आगवाल्यांवरचे टिंडेल. नोकरीत दोन बिल्ले मिळाले. ते सापडले आत्या वारल्यावर, तिच्या देव्हाऱ्यात. आत्याला वाटलं होतं, राणीचं तोंड म्हणजे कुण्या देवीचा टाक. जन्मभर तिने राणीला कुंकू लावलं.

एका बिल्ल्याची कड कोरीच होती. दुसऱ्याच्या कडेवर इंग्रजी अक्षरं होती आणि त्यांत कुंकू जाऊन बसलं होतं. आमच्या कंपनीतल्या पुण्याच्या एका इंजिनिअरने ती भिंग लावून वाचली. पणजोबांचं नाव, हुद्दा, बोटीचं नाव.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण गावात त्याच्या घराला पळपुट्याचं घर म्हणत. पणजोबा बायकोला टाकून पळाले, आरमारबिरमार सगळी थाप, असं भावकी म्हणायची. लग्नात हा पंगतीला बसला की कुणीतरी हळूच बोलणार, "लवकर वाढा रे त्याला, नाहीतर पळायचा." येत्या सुट्टीत देवळात भावकी बसवायची आणि नाव दाखवायचं, हे त्याचं ठरलं होतं.

शुक्रवारी दस्मानच्या बाजूला समुद्रावर गेलो की तो पाण्याकडे बोट करायचा.

"इथूनच गेला माझा पणजा. बसऱ्याला."

"तुला काय माहीत?"

"बसऱ्याला जायला बोटीला दुसरा रस्ता आहे काय, मेल्या?"

खंडेनवमी आली. वर्कशॉपात पूजा करता येत नाही, म्हणून आम्ही एकेक हत्यार खोलीवर आणतो आणि तिथे पुजतो. त्या वर्षी तो बिल्लेही ठेवणार होता. आदल्या दिवशी तो लेथवर असताना मी त्याच्या टांगलेल्या शर्टातून नावाचा बिल्ला काढला आणि पॉलिशच्या बफच्या चाकावर धरला. मला वाटलं, मळ निघेल, अक्षरं राहतील. चांदी मऊ. दोन मिनिटांत आरसा झाला. मी खूश होऊन त्याच्या हातात दिला.

त्याने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. लेथ तशीच फिरत होती, ती मी बंद केली.

मोबाइलमध्ये फोटो होते, पण सगळे राणीच्या तोंडाचे. कडेचा फोटो कोण काढतो? इंजिनिअर तोवर नोकरी सोडून गेला होता, कुठे ते कुणाला माहीत नाही.

मी म्हटलं, "आपल्याकडे अक्षरांचे पंच आहेत. ठोकून देतो. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"मला कळेल."

"मग करणार काय?"

"जाणार. कोरा बिल्ला भावकीपुढे ठेवणार आणि झालं ते सांगणार."

"हसतील."

"हसू देत. खोटं नाव ठोकलं तर पळपुटा मी."

तीस वर्षांत मी चूक कबूल केलेली नाही. माल बिघडला तर चाक वाईट, नाहीतर पॉलिशचा साबण वाईट. माफी मी त्याचीही मागितली नाही. पण तो निघायच्या आदल्या शुक्रवारी मी वहीचं पान फाडलं. शाळा तिसरीपर्यंतची, चार ओळींना दुपार गेली. 'बिल्ल्याच्या कडेवर अक्षरं होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. मी चाकावर घासून पुसली. चूक माझी आहे.' खाली नाव, गाव आणि सही. सही मोठी केली.

त्याने वाचलं. "शुद्धलेखन काय रे हे."

"पूजा करायची नाहीये त्याची. वाचून दाखव."

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. कागद त्याने देवळात उभं राहून वाचला होता. निम्मे हसले. सगळ्यांत म्हातारा चुलता म्हणाला, "चूक स्वतःच्या अंगावर घेऊन खोटं कोण लिहील?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय. काल पंगत होती. पोटभर जेवलो. कुणी काही बोललं नाही."

तो परत आला नाही. गुडघे गेले, कंपनीने दुसरा टर्नर आणला. बसच्या थांब्यावर त्याच्या जागी आता कुणीही उभं राहतं. यंदा श्रावणात तो वारला.

खंडेनवमीला त्याच्या बायकोने फोटो पाठवला. पाटावर कोयता, त्याचा व्हर्नियर, दोन बिल्ले, आणि मधे काचेच्या फ्रेममध्ये माझा कागद. काचेवर, बरोबर माझ्या सहीवर, कुंकवाचं बोट.