सरकारी कॅमेऱ्याच्या बाई

"घाई कोनाले आहे?" हे बाईंचं ठरलेलं वाक्य.

फोटोग्राफर तुम्हीही पाहिले असतील. समोर माणूस बसला की ते लगेच डोळा कॅमेऱ्याला लावतात. बाईंचं उलटं होतं. कॅमेरा गळ्यात तसाच राहू देऊन त्या आधी नुसत्या डोळ्यांनी माणसाकडं बघत राहायच्या. समोरचा अवघडायचा, मग कंटाळायचा. ताणलेले खांदे खाली यायचे, कुणी नाक खाजवायचा. "काढा न बाई आता," असं कुणी म्हटलंच, की त्या शांतपणे म्हणायच्या, "घाई कोनाले आहे?" आपण फोटोला बसलोय हेच माणूस विसरला, की मग त्या मान खाली घालून पोटाशी धरलेल्या कॅमेऱ्यात वरून बघायच्या.

मी तेव्हा नागपुरात, सदरमधल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. सत्तरच्या आसपासचा काळ. गरजू कलावंतांना साधनांसाठी अनुदान द्यायची एक योजना आमच्याकडं होती. अर्ज यायचे ते बहुतेक पेटी-तबलावाल्यांचे, क्वचित एखाद्या चित्रकाराचे. कॅमेऱ्यासाठी अर्ज आला तो बाईंचाच पहिला.

बाई तिशीच्या होत्या, लग्न केलेलं नव्हतं. वडील गिरणीत होते. घरात बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर आणि या दोन्हींच्या खाली बाईंचं टेबल. चुलतभावाच्या स्टुडिओत त्या निगेटिव्ह दुरुस्त करायच्या. टोकदार पेन्सिलीनं लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण बुजवायचे, नवरीला गोरं करायचं, हे त्यांचं काम. "दिवसभर लोकायचे चेहरे पुसून राहिली मी," त्या म्हणायच्या. "मले ते जसे आहेत तसे पाह्यजेत." पण स्टुडिओचा कॅमेरा स्टुडिओबाहेर जात नव्हता. कुणाचा तरी मागून आणलेला कॅमेरा घेऊन त्यांनी थोडे फोटो काढले होते, तेवढेच त्यांचे स्वतःचे.

निवड समितीपुढं त्या उभ्या राहिल्या तेव्हा मी कोपऱ्यात टिपण घेत होतो. एका सभासदांनी चष्मा काढून विचारलं, "बाई, वाद्य आम्ही समजू शकतो, रंग समजू शकतो. पण कॅमेरा हे यंत्र आहे. बटण दाबणं ही कला कशी?"

"यंत्र आहे म्हनून तं मागून राहिली जी," बाई म्हणाल्या. "कुंचला असता तं घरीच बांधला असता."

मला वाटलं, गेलं अनुदान. पण आमचे साहेब एकदम हसले. ते पुण्याकडचे, स्वभावानं भित्रे, पण चांगलं काम दिसलं की त्यांना राहवायचं नाही. त्यांनी बाईंचे फोटो सगळ्यांपुढं फिरवले, स्वतः शब्द टाकला आणि मंजुरी मिळवली. पुढं जे झालं ते सांगताना ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतोय. बाईंच्या हातात कॅमेरा साहेबांमुळंच आला.

कॅमेरा आला, फोटो मोठे करायचं यंत्र आलं, फिल्मही आली. अट अशी, की काही वर्षं सगळी मालमत्ता सरकारची राहील आणि दर वर्षी प्रदर्शन भरवावं लागेल. कॅमेऱ्याच्या अंगावर पांढऱ्या रंगानं कचेरीचा नंबर घातलेला होता. मला तो फार विद्रूप वाटायचा. बाई म्हणायच्या, "राहू द्या. गोंदण आहे त्याचं."

दर रविवारी बाई हिंगण्याच्या रस्त्याकडच्या एका वस्तीत जाऊ लागल्या. नाल्याच्या काठाची वस्ती. तिथली माणसं कारखान्यात, बांधकामावर जायची. त्यांच्या घरात कुणाचाच फोटो नव्हता. बाई एकेका घरात जायच्या, चहा प्यायच्या, भांडणं ऐकायच्या आणि माणसांना त्यांच्या घरात, त्यांच्या भांड्याकुंड्यांसह टिपायच्या. वस्तीतल्या बाया त्यांना लांबून ओळखायच्या. "आली वं आपली फोटोवाली!"

उन्हाळ्यात त्या वस्तीला नोटीस आली. रस्ता रुंद व्हायचा होता. ज्या दिवशी घरं पाडली, त्या दिवशीही बाई तिथं होत्या.

ते फोटो मी पहिल्यांदा पाहिले ते प्रदर्शनाच्या दिवशी, दुपारी. आमच्याच इमारतीतला हॉल होता. एका भिंतीवर वस्तीतली घरं आणि दुसऱ्या भिंतीवर त्या घरांचा तो दिवस. एक माणूस आपल्या घराचं दार खांद्यावर घेऊन चालला होता. एक पोलीस शिपाई कडेवर परकं मूल घेऊन उभा होता, मुलाची आई मागं गाठोडं बांधत होती. आणि एक म्हातारी आजी खाटेवर बसली होती. चारी भिंती गेलेल्या, पण खाट, चूल आणि फळीवरची पितळी भांडी जागच्या जागी. जणू घर अजून आहे आणि आपल्यालाच दिसत नाही.

साहेब त्या भिंतीपुढं आले आणि त्यांचा चेहरा उतरला. उद्घाटनाला मुंबईहून मोठे अधिकारी यायचे होते. साहेबांची बदली त्यांच्याच हातात होती.

"हे काय आहे?" साहेबांनी हळूच विचारलं. "सरकारच्या पैशानं सरकारवरच?"

"सरकार कुठं दिसून राहिलं जी यात?" बाई म्हणाल्या. "मानसं आहेत."

"ही भिंत रिकामी करा. पाहुणे यायच्या आत. नाही तर कॅमेरा जमा करावा लागेल. निगेटिव्हही. फिल्म आमची आहे."

"फिल्म तुमची असन. मानसायले मी इचारून फोटो काढले होते."

साहेबांचा आवाज चढला. मला शिडी आणायला सांगितलं. मी कचेरीच्या शिपायाला हाक मारली, स्वतः मात्र तिथंच थांबलो. बाई भिंतीजवळ गेल्या आणि त्यांनी स्वतःच एक फोटो उतरवला, मूल कडेवर घेतलेल्या शिपायाचा. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला.

"हा एकच काढते," बाई म्हणाल्या. "त्या बिचाऱ्याची नोकरी जाईन. बाकी राहतीन."

साहेब काही बोलणार तेवढ्यात दारात गलका झाला. बाईंनी वस्तीला बोलावलं होतं. माणसं ठेवणीतले कपडे घालून आली होती. बायकांनी केसांत फुलं माळली होती. ती सगळी थेट त्या भिंतीपाशी गेली आणि ज्याची त्यानं आपली जागा शोधली. जो तो आपल्या फोटोपुढं उभा. आजीनं तर आपल्या फोटोखाली जमिनीवर बसूनच घेतलं. शिडी लावायला जागाच उरली नाही. साहेब एकदा घड्याळाकडं, एकदा त्या गर्दीकडं बघत राहिले. त्यांच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली होती.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. पाहुणे वर आले. पहिली भिंत पाहून "वा, वा" म्हणाले. दुसऱ्या भिंतीकडं वळले. आजीच्या फोटोपुढं बराच वेळ थांबून त्यांनी विचारलं, "ह्या कोण?"

"मीच हाव," खालून आजी बोलली. "चांगलं काढलं न जी मले?"

पाहुणे दचकले. मग वाकून म्हणाले, "छान आहे. आता कुठं राहता आजी?"

"तेच तं तुमाले इचारावं म्हनलं."

मी साहेबांकडं पाहिलंच नाही. पाहुण्यांनी दोन-तीनदा मान हलवली, चहाचा कप घेतला, अर्धा तसाच ठेवला आणि निघून गेले. काही चमत्कार घडला असं मी सांगणार नाही. वस्तीला जागा मिळाली ती पुढं, फार लांब, माळरानावर, आणि ती या प्रदर्शनामुळं मिळाली असंही नाही.

पाहुण्यांना पोचवून साहेब परत आले. "उद्याच्या उद्या सगळं जमा करा," एवढंच म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. मग त्या वस्तीच्या माणसांकडं वळल्या. "आपापला फोटो उतरवा आन् संगं घेऊन जा. सांभाळून." माणसांनी एकेक करून फोटो उतरवले. दिवे मालवायच्या आधीच भिंत मोकळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. साहेबांनी मला त्यांच्या घरी पाठवलं. बाई टेबलाशी बसून कात्रीनं निगेटिव्ह कापत होत्या. एकेक फोटो वेगळा, एकेका पाकिटात. प्रत्येक तुकडा उजेडाकडं धरून पाहायच्या आणि मगच पाकिटात सरकवायच्या.

"हे काहून करून राहिल्या बाई?" मी विचारलं. "एवढी मेहनत."

"माह्यापाशी राहिल्या तं उद्या मागतीन, आन् मले द्याव्या लागतीन. एकेकाले हुडकत कोन मागाले जाते?" त्या थांबल्या. डोळे पुसले. "वाईट वाटते जी. खूप वाटते. पन मी कॅमेरा मागितला होता, त्यायचे चेहरे नाही."

त्या आठवड्यात बाई गावभर फिरल्या. वस्ती तोवर पांगली होती, कुणी नातलगाकडं, कुणी पुलाखाली. सगळी पाकिटं पोचवल्याशिवाय त्या कचेरीत आल्या नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगतो. बाईंना बल्लारपूरकडं एका शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी लागली आणि त्या नागपूर सोडून गेल्या. पुढं कधीतरी त्यांनी स्वतःसाठी एक जुना कॅमेरा विकत घेतल्याचं त्यांच्या चुलतभावाकडून कळलं. मला त्या पुन्हा भेटल्या नाहीत. काही वर्षांनी त्या गेल्याचं ऐकलं, तेही उशिरानंच. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कॅमेरा जमा करायला आल्या, त्या दिवशी.

त्यांनी कॅमेरा पुसून स्वच्छ करून आणला होता. साहेबांच्या टेबलावर ठेवला. निगेटिव्हचं साहेबांनी विचारलं नाही. साहेबांना काहीतरी बोलायचं होतं. "तुमचं काम मला आवडत होतं," ते म्हणाले. "तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे जी."

साहेबांनी कॅमेरा कपाटात ठेवायला हात पुढं केला. बाई म्हणाल्या, "थांबा. रोलात एक फोटो उरला आहे. सरकारी फिल्म वाया काहून घालवायची? बसा न."

"माझा? माझा कशाला?" म्हणत साहेब बसले. टोपी नीट केली, हात कुठं ठेवावे ते त्यांना कळेना, शेवटी गुडघ्यांवर ठेवले. बाईंनी या वेळी वाट पाहिली नाही, लगेच मान खाली घातली. बारीकसा आवाज झाला. मग त्यांनी रोल गुंडाळून बाहेर काढला, त्याच्या मागच्या कागदाचं टोक चिकटवलं आणि कॅमेऱ्याशेजारी टेबलावर ठेवला. नमस्कार केला आणि निघाल्या.

त्यांच्या चपलांचा आवाज जिना उतरून गेला, खालचं फाटक वाजलं, तरी साहेब तसेच बसून होते. गुडघ्यांवर हात, नजर समोर. मी कपाटाची किल्ली हातात घेऊन उभा होतो. त्यांना उठा म्हणायचं मला सुचलं नाही.