पाळकबाईंची काटवट

पाळकबाईंना गाणं म्हटल्याशिवाय भाकरी थापता येत नसे. एक कडवं संपलं की एक भाकरी तव्यावर, असा त्यांचा ठेका होता. गाणं त्यांच्या मिझो भाषेतलं, येशूचं. भाकरी आमच्या रानातल्या ज्वारीची. त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एकच होती. आज बाईंकडे पाहुणे आहेत की नाहीत, हे मला गाण्याच्या लांबीवरून कळायचं.

त्या मूळच्या मिझोरामच्या डोंगरातल्या. नवरा पाळक, म्हणजे रविवारी प्रार्थनेला जमणाऱ्या चार घरांचा धर्मगुरू. मिशनने दोघांना आमच्या गावी, पालमला पाठवलं आणि आमच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. गावाने त्यांना आधी नेपाळी ठरवलं, मग चिनी. पाळकबाई चिडत नसत. "आता पालमची म्हना की मला," म्हणून हसायच्या. त्यांची लेक रूत तर इथंच जन्मली आणि पहिला शब्द शिकली तो "न्हाई".

भाकरी मीच शिकवली त्यांना. जन्मभर भात खाल्लेली बाई. सुरुवातीला भाकरी हातातच फाटायची आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. मी बाजारातून लाकडी काटवट आणून दिली, तिच्यात पीठ कसं रगडायचं ते शेजारी बसून दाखवलं. पुढे असा हात बसला की विचारू नका. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं आजीआजोबांकडे मागे राहत. त्यांना दुपारी गोळा करून बाई अक्षरं शिकवायच्या आणि जेवू घालायच्या. "बाटवायलीय लेकरांना," असं एकदा कुणीतरी माझ्या दारात येऊन म्हणालं. "भाकर बी बाटवती का रे?" म्हणून मी त्याला असा झाडला की पुन्हा फिरकला नाही.

बाईंची एक खोड मात्र वाईट होती. स्वतःचं दुखणं पुढे ढकलायच्या. चुलीपुढून उठताना कूस धरून उभ्या राहत. "पित्त असंल, अक्का." परभणीला दाखवू म्हटलं की उत्तर ठरलेलं, "सुट्टीत घरी जायचंच हाय, तवा दाखवते." ही सुट्टी म्हणजे त्यांची फर्लो, बऱ्याच वर्षांनी मिशनकडून घरी जायला मिळणारे काही महिने. "फर्लोवर तर जेलातली माणसं सुटतात," मी चिडवायचे. "मग तुमी माझ्या जेलर," त्या म्हणायच्या, आणि दुखण्याचा विषय तिथंच राहायचा.

सुट्टी ठरली आणि त्यांच्या घरात लगीनघाई उडाली. म्हाताऱ्या आईला आपल्या हातची भाकरी खाऊ घालायची, एवढंच बाईंनी मनात घेतलं होतं. त्यासाठी त्यांनी डबाभर पीठ दळून आणलं. मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो बाई, तिकडं पोचेपर्यंत पिठाची विरी जाईल. चिकटपणाच गेला तर थापणार काय?" पीठ मी ठेवून घेतलं आणि ज्वारी बांधून दिली. काटवट मात्र त्यांनी सामानात घातली नाही. माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "हिला वाळू देऊ नका, अक्का. तडा जाईल. मी आले की लागंल."

निघताना मी त्यांची ओटी भरली. कुंकवाला हात लावला नाही, त्यांचं मन मला ठाऊक होतं. पदर मात्र त्यांनी आपणहून पसरला आणि तांदूळ-नारळ पोटाशी धरून हमसून हमसून रडल्या. रूत एसटीच्या खिडकीतून ओरडत होती, "मावशी, माझ्या मांजरीला दूध दे!"

तिकडच्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. पाळकसाहेबांनी फोनवर सांगितलं तेव्हा मला रडू येण्याआधी बाईंचा राग आला. अजूनही येतो. एवढी शहाणी बाई, दुखणं काय सुट्टीची वाट बघत बसतं?

मग एका दुपारी रूतचा व्हिडिओ कॉल आला. "मावशी, आईला भाकर खावी वाटायलीय. मी करायले, पन सारखी फाटायलीय." ज्वारी तिने मिक्सरमधून काढली होती, पीठ खरबरीत. "आधणाचं पाणी ओत, पोरी. आणि रगड, दया करू नको," मी इथून सांगत होते. दोन भाकरी फाटल्या. तिसरी थापताना मागच्या खाटेवरून गुणगुण ऐकू आली. आवाज पार खोल गेला होता, पण चाल तीच. रूतचा हात त्या ठेक्यावर पडू लागला. कडवं संपलं, भाकरी तव्यावर गेली आणि टम्म फुगली.

बाईंना घास गिळवत नव्हता. त्यांनी भाकरी दोन्ही हातांत धरून नाकाशी नेली. मग फोनकडे बघून म्हणाल्या, "अक्का, काटवट वाळली न्हाई ना?"

"न्हाई बाई. रोज वापरते," मी म्हणाले. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

पाळकसाहेब आता तिकडेच असतात, रूत तिथल्याच शाळेत जाते. मांजर आमच्याकडे आहे. काटवटीला मी तडा जाऊ दिलेला नाही. रोज तिच्यातच पीठ मळते आणि बाईंची चाल गुणगुणते. शब्द मला येत नाहीत. कडवं कुठे संपतं तेही नीट कळत नाही, मग मी थापतच राहते आणि भाकरी हातातच फाटते.