पहिलं बाळंतपण बोत्स्वानात

"आई, मी बाळंतपणाला तिकडे येणार नाही," असं लेक म्हणाली तेव्हा मला वाटलं, आवाज तुटला. बोत्स्वानाहून व्हिडिओ कॉल आला की तो तुटतोच. म्हणून मी आपली बोलतच राहिले: तुझ्या खोलीतली ट्रेडमिल बेसमेंटमध्ये नेली, अळीव आणून ठेवलेत, इन्शुरन्सचं बाबा बघतायत. तिने तेच पुन्हा म्हटलं. या वेळी शब्द स्वच्छ ऐकू आले आणि मी रव्याची चाळणी हातात धरून तशीच उभी राहिले.

पहिलं बाळंतपण माहेरी. यात विचारायचं काय असतं? माझ्या आईचं तसंच झालं, माझंही. माहेर नागपूरला असो नाहीतर इथे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला, लेक सातव्या महिन्यात येते. लेक आणि जावई बोत्स्वानाच्या राजधानीत, गॅबोरोनला पाण्याच्या एका प्रकल्पावर इंजिनियर आहेत. ती तिकडे गेली तेव्हाच मी धसका घेतला होता. दर सुट्टीत "तुम्ही या ना" म्हणायची, आणि दर सुट्टीत आम्हाला दुसरं काहीतरी निघायचं.

आमच्या महाराष्ट्र मंडळात आफ्रिका हा एकच देश आहे. पॉटलकच्या जेवणाला विषय निघाला की प्रत्येकाकडे किस्सा तयार. एका काकांच्या साडूच्या पुतण्याला नायजेरियात, लागोसला मलेरिया झाला होता. तेवढ्यावर त्यांनी बोत्स्वाना कायमचा बाद केला. लागोसहून गॅबोरोन म्हणजे इथून जवळजवळ कॅलिफोर्निया, हे एकदा इथे आलेल्या जावयाने त्यांना नकाशावर दाखवलं, तर काका म्हणाले, "डासाला काय व्हिसा लागतो?" सगळे हसले. मीही हसले, पण प्रवाशांसाठीचे सरकारी इशारे मला पाठ होते. जोहान्सबर्गला सिग्नलवर काच फोडून पर्स पळवतात तो व्हिडिओ तर ग्रुपवर मीच टाकला होता.

"डॉक्टर विमानाला नाही म्हणाले का?" मी विचारलं.

"नाही, डॉक्टर ओके म्हणाले. मलाच सेफ वाटत नाही."

"कुठे?"

"तिकडे. न्यू जर्सीत."

मी हसले. खरंच हसले. "अगं, याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा! तुमच्याकडे दिवसाढवळ्या गाड्या फोडतात, आणि तू मला सांगतेस?"

"फोडतात," ती म्हणाली. "आमचीही फोडली होती, जोहान्सबर्गला गेलो होतो तेव्हा. तुला सांगितलं नाही. आता बॅग डिकीत ठेवतो. रात्री हायवेवर ड्राइव्ह करत नाही, गुरं बसलेली असतात रस्त्यात. भीती वाटते, आई, नाही असं नाही. पण काय करायचं ते माहितीये मला." मग तिने विचारलं, "आठवीत असताना शाळेत लॉकडाउन झाला होता. आठवतंय तुला?"

आठवत होतं. ऑफिसात शाळेची ईमेल आली होती. शाळेत बंदूक घेऊन कुणी शिरलंय असा खोटा फोन कुणीतरी केला होता, पोलिसांनी सगळी इमारत तपासली, मुलं सुखरूप आहेत. मी देवाला हात जोडले आणि मीटिंगला गेले. संध्याकाळी ती थालीपीठ खाऊन पियानोच्या क्लासला गेली. आमच्या घरात तो विषय तिथेच संपला होता.

तिच्याकडे तो संपला नव्हता. आर्टच्या वर्गामागे रंग ठेवायची खोली होती, तिथे सगळ्यांना कोंबलं होतं. दिवे बंद. फोन खोटा आहे हे आत कुणालाच माहीत नव्हतं. बाहेर बूट वाजत होते, ते पोलिसांचे की आणखी कुणाचे, कळायला मार्ग नव्हता. शेजारची मुलगी रडण्याचा आवाज फुटू नये म्हणून स्वतःची बाही चावत होती. हे सगळं लेक मला मराठीत सांगत होती. एरवी दुसऱ्या वाक्याला इंग्रजीवर घसरणारी पोर, एकेक शब्द शोधून सांगत होती.

"मी तुला मेसेज टाइप केला होता," ती म्हणाली. "पाठवला नाही."

"का गं?"

"तू लगेच फोन केला असतास. तू मेसेजला कधी मेसेज करतेस का? कॉलच करतेस. फोन सायलेंटवर होता, पण व्हायब्रेट तर झालाच असता. तिथे तेवढंही ऐकू गेलं असतं."

खरं होतं ते. आम्ही सगळ्याच आया अशा. नुसतं 'पोचले' असं आलं तरी आवाज ऐकल्याशिवाय आमचा जीव भांड्यात पडत नाही. तेरा वर्षांच्या माझ्या मुलीने अंधारात बसून ठरवलं होतं, की मरायची वेळ आली तरी आईला कळवायचं नाही, कारण आई फोन करेल. मी ओट्याला टेकून खाली बसले. नवरा धावत आला, "काय झालं? बाळ ठीक आहे ना?" मी मानेनेच हो म्हटलं आणि त्याला शेजारी बसवलं.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?" शेवटी मी विचारलं.

"तुम्ही किती खूश होता ना, आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टवर."

त्या शाळांसाठीच आम्ही हे घर घेतलं होतं.

"मी तिकडे आले की तुम्ही मला परत सोडणार नाही," ती म्हणाली. "राहा इथेच, म्हणाल. मग बाळ त्याच शाळेत जाणार. गोळीबार झाला तर म्हणून केजीतल्या पोराला कपाटात गप्प बसायला शिकवतात, आई. मला नाही जमणार ते."

खोटं कशाला बोलू, आम्हा दोघांचा तोच बेत होता. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"काय लिहिलं होतंस?" मी विचारलं.

"आठवत नाही."

तिला टर्पेंटाइनचा वास आठवत होता, त्या मुलीची बाही आठवत होती, आणि हे आठवत नव्हतं. मी पुन्हा विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

"आई? आहेस ना? व्हिडिओ फ्रीज झालाय."

आफ्रिकेची भीती मला त्या क्षणीही वाटत होती, आजही वाटते. एका फोनने ती कुठे जाणार? पण जिथे मुलगी निर्धास्त झोपू शकत नाही त्या घराला माहेर कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"आहे," मी म्हणाले. "तिकीट काढते. मीच येते तिकडे, बाळंतपण तुझ्याच घरी करू."

त्यावर ती रडायला लागली. चांगली मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी.